‘बियाणे खाऊ नका’ हे पाकिटावर का लिहावे लागते?

घरातल्या, शेतातल्या वस्तूंवरच्या काही सूचना वाचून हसू येते. पण त्यातल्या बऱ्याच सूचनांमागे एखादा अपघात असतो. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात तर कुणी तरी त्याची किंमत मोजलेली असते.

नव्या बुटांच्या खोक्यात एक चिमुकली पुडी निघते. तिच्यावर लिहिलेले असते, ‘खाऊ नका’. शेंगदाण्याच्या चिक्कीच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत सूचना असते, ‘यात शेंगदाणे आहेत’. दूध पावडरीच्या डब्यावर ‘यात दूध आहे’. इस्त्रीच्या माहितीपत्रकात ‘अंगात घातलेल्या कपड्यांवर इस्त्री फिरवू नये’. अकोल्याहून अमरावतीला जायला एसटीत बसलो, की खिडकीजवळ पाटी: ‘शरीराचा कोणताही भाग बाहेर काढू नये’. आणि जूनमध्ये कृषी केंद्रातून आणलेल्या बियाण्यावर सूचना असते, ‘खाण्यासाठी, जनावरांच्या खाद्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये’.

वऱ्हाडी माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘हे काय सांगाची गोष्ट हाय का बाप्पा!’

गोष्ट सांगायची आहे का, हाच या लेखाचा प्रश्न. इतक्या उघड सूचना लिहिते कोण? त्या वाचायच्या कुणी? आणि सगळेच लिहून ठेवलेले असताना फवारणीच्या हंगामात दवाखान्यांच्या खाटा का भरतात?

अशा सूचनांचा उगम कुठे?

साधारणपणे तीन ठिकाणी. पहिले म्हणजे कायदा. चिक्कीवर ‘शेंगदाणे आहेत’ हे कंपनीने गंमत म्हणून लिहिलेले नसते. शेंगदाणे, दूध, गहू, सोयाबीन, अंडी, मासे अशा पदार्थांची काही लोकांना तीव्र अॅलर्जी असते. त्यामुळे पाकीटबंद खाद्यपदार्थात ते असल्यास वेगळ्या ओळीत सांगणे अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारक केले आहे. नियम सगळ्यांसाठी एकच. नावातच शेंगदाणा असलेल्या चिक्कीलाही तो लागतो आणि वाचणाऱ्याला हसू येते. पण ज्याच्या घशाला शेंगदाण्याने सूज येते, त्याला हीच ओळ बिस्किटाच्या पुड्यावर हवी असते. तिथे शेंगदाणा दिसत नाही.

दुसरा उगम म्हणजे झालेले अपघात. बुटांच्या खोक्यातल्या पुडीत सिलिका जेल असते. ते हवेतला ओलावा शोषते. हा पदार्थ फारसा विषारी नाही. पण दाणे साबुदाण्यासारखे दिसतात, पुडी मसाल्याच्या पुडीसारखी दिसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या घशात ती अडकू शकते. म्हणजे सूचना मोठ्यांना हास्यास्पद वाटते, कारण ती मोठ्यांच्या चुकीसाठी नाहीच.

तिसरा उगम कोर्टात आहे. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले.

कॉफी गरम असते, हे सांगायला कोर्ट लागले?

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात स्टेला लीबेक या ७९ वर्षांच्या आजींनी मॅकडोनाल्ड्समधून कॉफी घेतली. गाडी उभी होती. झाकण काढताना कॉफी मांडीवर सांडली. पुढे खटला झाला आणि १९९४ मध्ये ज्यूरीने लाखो डॉलरची भरपाई ठरवली. ‘कॉफी गरम असते हे न कळणारी बाई कोट्यधीश झाली’ असा विनोद जगभर फिरला.

त्या विनोदातून मधला तपशील गळाला. कॉफीचे तापमान साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअस होते. त्यांना तिसऱ्या दर्जाचे भाजले होते, त्वचारोपण करावे लागले, आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले. त्यांनी सुरुवातीला मागितले होते २० हजार डॉलर. कंपनीकडे अशा भाजण्याच्या ७०० हून अधिक तक्रारी आधीच आल्या होत्या. ज्यूरीने २० टक्के चूक आजींचीही धरली. दंडाची रक्कम न्यायाधीशांनी पुढे बरीच कमी केली आणि अखेर दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

महत्त्वाचा मुद्दा असा, की त्या कपावर सूचना आधीपासून होतीच. पण ती लहान अक्षरांत होती, आणि ‘गरम आहे’ एवढेच सांगत होती. ‘काही सेकंदांत कातडी जाईल इतकी गरम आहे’ हे कुणाला माहीत नव्हते. उघड वाटणारी सूचना अनेकदा अर्धीच माहिती देते. दुसरा अर्धा भाग, म्हणजे धोका किती मोठा आहे, तो उघड नसतो.

या खटल्यांच्या भीतीने अमेरिकन कंपन्या मग काहीही छापू लागल्या. मिशिगनमध्ये १९९७ पासून अशा विचित्र सूचनांची स्पर्धाच भरू लागली. ‘घडी घालण्यापूर्वी मूल बाहेर काढा’ ही बाबागाडीवरची सूचना त्यातलीच.

आपला कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादनाचे दायित्व’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. ते २० जुलै २०२० पासून लागू झाले. कलम ८४ नुसार, वस्तू नीट वापरण्याच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबाबतचा इशारा नसेल आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादकाला जबाबदार धरता येते. म्हणजे सूचना न देणे हाही वस्तूतला दोषच.

पण याच कायद्याचे कलम ८७ उत्पादकाला एक वाट मोकळी ठेवते. जो धोका उघड आहे, सर्वांना माहीत आहे किंवा वापरणाऱ्याला माहीत असायला हवा होता, त्याबद्दल इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार ठरत नाही. सुरी कापते, हे सुरीवर लिहायची गरज नाही.

सगळी मेख त्या ‘उघड’ शब्दात आहे. उघड कुणाला? शहरातल्या पदवीधराला की चौथीत शाळा सुटलेल्या मजुराला? दुकानातून बाटली घेणाऱ्याला की त्या बाटलीतले औषध पाठीवर घेऊन दिवसभर चालणाऱ्याला? वऱ्हाडातल्या तीन वस्तू घेऊन हा प्रश्न तपासू.

वस्तू पहिली: बियाण्याचे पाकीट

कपाशीचे किंवा सोयाबीनचे कंपनीचे बियाणे लाल, गुलाबी, निळे असे रंगवलेले असते. त्याला बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेले असते. रंग ही त्याची खूण. बियाणे नियम, १९६८ सांगतात, की प्रक्रिया केलेल्या बियाण्यावर तसा उल्लेख हवा, रसायनाचे नाव हवे आणि ‘अन्न, पशुखाद्य किंवा तेलासाठी वापरू नये’ असा इशारा हवा. रसायन फारच विषारी असेल, तर लाल अक्षरांत ‘विष’ हा शब्द हवा.

‘बियाणे कोण खाते?’ असे कुणी विचारेल. पण वऱ्हाडात सरकीचे तेल निघते आणि सरकीची ढेप गाई-म्हशींपुढे पडते. सोयाबीनचेही तेल निघते. पेरणीनंतर उरलेले किलोभर बियाणे घरातल्या दाण्यात मिसळले, तर ते थेट माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जाऊ शकते. म्हणून ‘तेलासाठी वापरू नये’ ही ओळ विनोद नाही.

त्याचा सर्वांत भीषण पुरावा इराकमधला आहे. दुष्काळानंतर १९७१ च्या अखेरीस तिथल्या सरकारने परदेशातून पेरणीसाठी गहू आणि बार्ली आणली. दाण्यांना पाऱ्याचे बुरशीनाशक चोळलेले होते आणि ओळखू यावे म्हणून लाल रंग दिला होता. पोत्यांवर इशारे होते. पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. कवटीचे चित्रही होते. मात्र त्या खेड्यांमध्ये त्या चित्राला विषाचा अर्थ नव्हता. धान्य पोहोचले तेव्हा अनेकांच्या पेरण्या झालेल्या होत्या आणि घरात खायला नव्हते. लोकांनी दाणे धुतले. रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे वाटले. पारा मात्र दाण्यातच राहिला. त्याच्या रोट्या झाल्या. सरकारी आकड्यांनुसार ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले आणि ४५९ दगावले.

सूचना होती, रंग होता, चित्रही होते. फक्त वाचणाऱ्यापर्यंत त्यातले काहीच पोहोचले नाही.

वस्तू दुसरी: कुलर

अकोल्याचा उन्हाळा कसा असतो हे वेगळे सांगायला नको. एप्रिल उजाडला की माळ्यावरचा कुलर खाली येतो, जुन्या पट्ट्या बदलून नवा वाळा किंवा गवत बसते आणि मोटरीला तेल पडते. कुलरवर एक ओळ छापलेली असते: ‘पाणी भरण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा, प्लग काढा’. पाणी आणि वीज एकत्र नको, हे शाळकरी पोरालाही कळते. तरीही कुलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात आणि महावितरणला दरवर्षी तेच आवाहन पुन्हा करावे लागते.

कारण धोका दिसत नाही. कुलरचा पत्र्याचा सांगाडा बाहेरून कोरडा दिसतो. आत टाकीत बुडालेल्या पंपाच्या वायरचे आवरण गेल्या वर्षीच्या उंदराने कुरतडलेले असते किंवा उन्हाने तडकलेले असते. प्लग तीन पिनचा असला तरी घरातल्या बोर्डाला अर्थिंग असतेच असे नाही. गळतीचा प्रवाह पत्र्यात येतो, पण कुलर चालूच राहतो, पंखा फिरतच असतो. मग कुणी तरी अनवाणी पायाने, ओल्या फरशीवर उभे राहून पाइप टाकीत सोडते आणि दुसरा हात पत्र्याला लागतो. घरी हे काम बहुधा बाईचे किंवा मुलाचे असते.

इथे उपाय सूचनेपेक्षा यंत्रात आहे. बोर्डात गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर (ज्याला इलेक्ट्रिशियन ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात) बसवला, तर माणसाच्या अंगातून प्रवाह जाऊ लागताच तो क्षणात पुरवठा बंद करतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर वापरतात. सूचना माणसाला रोज आठवावी लागते. ब्रेकरला आठवण करून द्यावी लागत नाही.

वस्तू तिसरी: फवारणीची बाटली

आता मूळ मुद्द्याकडे. कीटकनाशकाच्या बाटलीसोबत घडी घातलेले एक माहितीपत्रक येते. त्यावर अनेक भाषांत, मुंगीएवढ्या अक्षरांत असे काही लिहिलेले असते: फवारताना खाऊ, पिऊ, तंबाखू ओढू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. हातमोजे, मास्क, चष्मा वापरावा. काम झाल्यावर साबणाने अंग धुवावे. रिकामी बाटली पुन्हा वापरू नये, फोडून वस्तीपासून दूर पुरावी. मुलांपासून दूर ठेवावे.

यातले प्रत्येक वाक्य उघड आहे. आणि यातले प्रत्येक वाक्य शेतात मोडले जाते.

बाटलीवर काय असावे हे कीटकनाशक कायदा, १९६८ आणि नियम, १९७१ ठरवतात. लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापणारा, कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन हवा. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द, खालच्या अर्ध्या भागात रंग. रंग चार:

• लाल: अत्यंत विषारी. वर कवटी आणि ‘विष’ हा शब्द.
• पिवळा: अति विषारी. ‘विष’ हा शब्द, कवटी नाही.
• निळा: मध्यम विषारी. ‘धोका’.
• हिरवा: कमी विषारी. ‘सावधान’.

हे गट ठरतात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरच्या चाचणीवरून. शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पोटात जाऊन निम्मे प्राणी मरत असतील, तर लाल. ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि त्यापुढे हिरवा.

इथे एक घोटाळा होऊ शकतो. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, निर्धास्त खा. सिग्नलला हिरवा म्हणजे जा. त्याच हिरव्याचा अर्थ बाटलीवर ‘विष आहे, पण तुलनेने सौम्य’ असा आहे. हिरवा त्रिकोण म्हणजे परवाना नव्हे. नियमांनीच हे ओळखले आहे: कीटकनाशकाच्या लेबलवर ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असे शब्द वापरायला मनाई आहे. ‘सांगितल्याप्रमाणे वापरल्यास सुरक्षित’ असेही लिहिता येत नाही.

मग २०१७ मध्ये काय घडले?

त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होऊ लागले. उलट्या, घाम, श्वास लागणे, डोळ्यांपुढे अंधारी. एकट्या यवतमाळात २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला, शेकडोंना बाधा झाली. अकोला, अमरावती, बुलढाण्यातूनही अशा बातम्या आल्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली. देशपातळीवर त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश यायला २०२३ उजाडले.

पुढे आलेली कारणे नीट पाहिली, तर प्रत्येक ‘उघड’ सूचना का मोडली गेली हे कळते.

‘वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका’: त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. झाडांच्या भिंतीत शिरून, नोझल वर धरून फवारावे लागत होते. चारही बाजूंनी तुषार अंगावरच येत होते. शिवाय नव्या यांत्रिक पंपांचा फवारा धुक्यासारखा बारीक. तो श्वासात सहज जातो.

‘अंगभर कपडे, मास्क घाला’: ऑक्टोबरच्या उन्हात, दमट हवेत रबरी कोट घालून पाठीवर भरलेला पंप वाहून पाहा. अर्ध्या तासात जीव घाबरा होतो. शिवाय घामाने भिजलेला साधा सदरा औषध धरून ठेवतो आणि दिवसभर कातडीला चिकटवतो. कातडीतून विष शिरते, हे लेबलवर असते. शेतात मात्र ‘पोटात गेले तरच विष’ ही समजूत घट्ट आहे.

‘शिफारशीप्रमाणे मात्रा घ्या’: अळी हटत नाही म्हणून दोन-तीन औषधे, वाढीचे टॉनिक, विद्राव्य खत असे एकाच बकेटीत मिसळले जात होते. प्रत्येक बाटलीवरचे लेबल त्या एका औषधापुरते बोलते. बकेटीतल्या मिश्रणाला लेबल नसते.

लेबल असते कुणाकडे?

खरी गोम इथे आहे. बाटली विकत घेतो शेतमालक. लेबल पाहिलेच तर तो पाहतो. औषध कालवले जाते धुऱ्यावर, बाटली तिथेच पडते. पंप पाठीवर असतो मजुराच्या. त्याला कळते ते एवढेच: ‘ढकणीभर टाक आणि मार’. कायदा सांगतो, की कीटकनाशक हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत. पण रोजंदारीवर, कधी पंपावर पैसे ठरवून काम करणाऱ्या माणसासाठी ‘देणारा’ कोण, हे धुऱ्यावर कुणी विचारत नाही. आणि मोज्याशिवाय फवारणार नाही म्हणावे, तर दुसरा माणूस तयार असतो.

भाषेचेही तेच. नियमांनुसार लेबल आणि माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत हवे. म्हणजे मराठी मिळते. पण धारणी-चिखलदऱ्याहून कामाला उतरलेल्या कोरकू मजुराची घरची भाषा त्यात नाही. आणि मराठी ज्याची आहे त्यालाही ‘लक्षणाधारित उपचार करावेत’ हे वाक्य कितपत पोहोचते? त्याच अर्थाचे ‘घाम सुटला, तोंडाला लाळ आली, डोळ्यांपुढे धुकं आलं तर काम सोड आणि दवाखान्यात जा’ हे वाक्य छापायला जागा फार लागत नाही.

असाच प्रकार वऱ्हाडातल्या दुसऱ्या एका वस्तूत दिसतो. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा सचित्र इशाऱ्याने व्यापलेली असते. पण चौकाचौकातल्या ठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घासून मिळणाऱ्या खऱ्ऱ्यावर ना चित्र, ना अक्षर. इशारा पाकिटावर असतो आणि माल सुटा विकला जातो. बकेटीतले औषध हा त्याचाच शेतातला अवतार.

रिकाम्या बाटलीचे काय बिघडते?

‘रिकामी बाटली पुन्हा वापरू नये’ ही सगळ्यांत उघड आणि सगळ्यांत जास्त मोडली जाणारी सूचना. बाटली मजबूत, झाकण घट्ट, फेकवत नाही. धुऊन तिच्यात रॉकेल ठेवले जाते, कधी पाणी, कधी तेल.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या धर्मासती गंडामन गावच्या शाळेत मुलांनी दुपारचे जेवण घेतले. २३ मुले दगावली. तपासात स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. त्याच्या पाकिटावर असते ती लाल त्रिकोणाची, कवटीची खूण त्या मुलांच्या ताटापर्यंत आलीच नाही.

मग सूचना कमी असाव्यात की जास्त?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कंपनीच्या वकिलाला वाटते, सगळे लिहून टाकावे. उद्या खटला झाला तर ‘आम्ही सांगितले होते’ म्हणता येईल. परिणामी चाळीस सूचनांत चार जीवघेण्या सूचना हरवतात. ‘उन्हात ठेवू नका’ आणि ‘याला खास उतारा नाही’ या दोन ओळी एकाच आकाराच्या अक्षरांत एकाखाली एक येतात. इतके वाचायचे म्हटल्यावर माणूस काहीच वाचत नाही. ‘लेबल वाचाले कोनाले टाइम हाय?’ हे उत्तर आळसाचे नाही, अनुभवाचे आहे.

म्हणून सूचनेपेक्षा रचना बदलणारे उपाय जास्त टिकतात. नोझल फुंकू नका असे सांगण्याऐवजी पंपासोबत साफ करायची तार किंवा ब्रश द्यावा. ‘मुलांपासून दूर ठेवा’ लिहिण्याबरोबर मुलाला न उघडता येणारे झाकण द्यावे. घातक औषधच बाजारातून काढावे, जसे मोनोक्रोटोफॉसबाबत अखेर झाले. लेबल ही शेवटची भिंत आहे, पहिली नव्हे.

तोवर आपण काय करू शकतो?

तुमच्या हातात मोबाइल आहे, तेच इथे सर्वांत उपयोगी अवजार आहे.

• बाटली उघडण्यापूर्वी लेबल आणि माहितीपत्रकाचा फोटो काढा. बोटांनी मोठा करा. मुंगीएवढी अक्षरे वाचता येतात.
• त्रिकोणाचा रंग पाहा. लाल-पिवळा असेल, तर ‘याऐवजी कमी विषारी काय चालेल?’ हे सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञाला विचारा. फक्त दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.
• फवारणाऱ्याला तीन गोष्टी तोंडी, त्याच्या भाषेत सांगा: औषधाचे नाव, काय त्रास झाला तर थांबायचे, आणि साबण-पाणी कुठे ठेवले आहे. फोटो त्याच्या मोबाइलवरही पाठवा.
• लेबलवर नसलेले मिश्रण करू नका. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, उपाशीपोटी नाही.
• घाम, लाळ, मळमळ, धूसर दिसणे, छातीत भरल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले, तर काम थांबवा. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. स्वतःहून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा.
• दवाखान्यात जाताना बाटली किंवा तिचा फोटो सोबत न्या. काही औषधांवर अॅट्रोपिनसारखा उतारा चालतो, काहींवर खास उतारा नसतो. डॉक्टरांना नाव कळले, तर वेळ वाचतो.
• रिकाम्या बाटलीला भोक पाडा, म्हणजे ती घरात परत येणार नाही.
• कुलरचा प्लग काढूनच पाणी भरा. बोर्डात गळतीचा ब्रेकर आहे का, हे उन्हाळ्याआधी एकदा तपासून घ्या.
• वस्तूवर आवश्यक सूचना नसेल किंवा ती वाचताच येत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

शेवटी एक पाटी

गावाबाहेरच्या डीपीवर एक पाटी असते. कवटी, दोन हाडे, ‘सावधान, ११००० व्होल्ट’. ती पाटी वीज नियमांनुसार लावावीच लागते आणि ती वाचून कुणी हसत नाही. कारण डीपीत काय आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी घरच्यांनी तिकडे जाऊ नको म्हणून बजावलेले असते. पाटी फक्त त्या बजावण्याची आठवण करून देते.

हीच कवटी औषधाच्या बाटलीवर आहे. पण तिच्याबद्दल घरात कुणी बजावलेले नसते. उलट बाटलीतल्या द्रवाला आपण ‘औषध’ म्हणतो. कपाशीसाठी ते औषध असेलही. पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्यासाठी ते विष आहे, आणि नियमाने लेबलवर छापायला लावलेला शब्दही तोच आहे. या हंगामात धुऱ्यावर बकेट कालवताना तो शब्द एकदा मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याला ती ‘सांगाची गोष्ट’ नक्कीच वाटेल.